यादीतलं राज्य आणि हातातली ऑर्डर

पत्र असं आहे:

"आप्पा, नमस्कार. मी धरणगाव तालुक्यातला. वय २४, आयटीआय फिटर, दोन वर्षं एका वर्कशॉपमध्ये काम केलंय. सध्या दोन कामं समोर आहेत. एक जळगाव एमआयडीसीत, पाइपच्या कारखान्यात. ठेकेदारामार्फत, ११ महिन्यांची ऑर्डर, ८ तास, १४,५०० रुपये. दुसरं सुरतेला, सचिन जीआयडीसीत (तिकडची एमआयडीसीच), कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये मेंटेनन्सला. १२ तासांची पाळी, रविवारी सुट्टी, १९,००० रुपये. तिथला ठेकेदार २०,००० उचल द्यायला तयार आहे, पण आयटीआयचं ओरिजिनल सर्टिफिकेट त्याच्याकडे जमा ठेवायचं म्हणतो. माझे चुलतकाका उधन्याला राहतात. त्यांनी व्हॉट्सॲपवर एक यादी पाठवली. त्यात 'रोजगार स्वातंत्र्या'त गुजरात वर आणि महाराष्ट्र बराच खाली. काका म्हणतात, जिथं कायद्याची कटकट कमी, तिथं कामाला तोटा नाही. मामा मध्य प्रदेशात पिथमपूरला आहेत, ते म्हणतात इकडे ये. आई म्हणते, सुरतले नको जाऊ. कामगारासाठी कोणत्या राज्याचा कायदा चांगला, तेवढं सांगा."

भाऊ, तुला अरे-तुरे करतोय, माझ्या धाकट्या पोराच्या वयाचा आहेस.

तुझं धरणगाव स्टेशन मला चांगलं माहीत आहे. तिथं उभं राहिलं की एकीकडची गाडी जळगावला जाते आणि दुसरीकडची अमळनेर, नंदुरबार करत सुरतेला. एकच रूळ. मधे नवापूर लागतं, तिथं स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. लोक तिथल्या बाकावर बसून फोटो काढतात, एक मांडी या राज्यात, दुसरी त्या राज्यात. पण त्या बाकाच्या मधोमध कामगार कायदा जितका बदलतो असं काकांना वाटतं, तितका तो बदलत नाही.

कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्रही कायदा करतं आणि राज्यंही. कारखान्यांसाठी १९४८ पासून केंद्राचाच कायदा होता. आठवड्याला ४८ तास, त्यावर दुप्पट दराने ओव्हरटाइम, आठवड्याची सुट्टी. हे जळगावलाही तेच आणि सुरतेलाही तेच. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुने कायदे एकत्र करून चार संहिता लागू झाल्या आहेत. त्याही सगळ्या देशाला. सांगाडा एकच. राज्यं करतात काय, तर नियम, किमान वेतनाचे आकडे आणि सवलती. यादीवाले बहुतेक या सवलतीच मोजतात.

आता काकांच्या यादीबद्दल. अशी यादी पाहिली की मी पहिला प्रश्न विचारतो: स्वातंत्र्य कुणाचं? माणूस ठेवायचं-काढायचं स्वातंत्र्य, की काम धरायचं-सोडायचं? पहिल्यात वर असलेलं राज्य दुसऱ्यातही वर असेलच असं नाही. काका जी यादी दाखवतायत ती कारखाना टाकणाऱ्यासाठी बनवलेली आहे. त्याच्यासाठी ती कामाचीही असेल. पण तू कारखाना टाकायला निघालेला नाहीस, पान्हा घेऊन निघालायस.

आणि या याद्या बनतात कशा, त्याची एक गंमत ऐक. बेस्ली आणि बर्जेस या दोन अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये भारतातल्या राज्यांची अशीच वाटणी केली होती. राज्यांनी औद्योगिक विवाद कायद्यात केलेली एकेक दुरुस्ती तपासायची आणि ती कामगाराच्या बाजूची की मालकाच्या, असा शिक्का मारायचा. त्यात महाराष्ट्र आणि पश्चिम बंगाल कामगाराच्या बाजूचे निघाले. आणि गुजरातही! कशामुळे? १९७३ च्या एका दुरुस्तीमुळे. कारखान्यात कामगार-व्यवस्थापन मंडळावर प्रतिनिधी नेमले नाहीत तर दिवसाला ५० रुपये दंड, एवढीच ती दुरुस्ती. पुढे आदित्य भट्टाचार्जी यांनी या वाटणीतल्या असल्या चुका दाखवून दिल्या. पण तोवर त्या शिक्क्यांवर बरेच शोधनिबंध लिहून झाले होते. म्हणजे त्या यादीत गुजरात कामगाराचा कैवारी, काकांच्या यादीत मालकाचा लाडका. दोन्ही याद्या छापील, दोन्हींत नंबर.

अमेरिकेत तर या राज्याराज्यांच्या तुलनेचा मोठाच बाजार आहे. तिथं निम्म्याहून जास्त राज्यांत 'कामाचा हक्क' नावाचा कायदा आहे. नाव ऐकून आपल्याला वाटेल, वा, सरकार काम देतं. तसं काही नाही. युनियनची वर्गणी भरायची सक्ती करता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. काम मिळण्याचा हक्क आपल्याकडे होता, १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली रोजगार हमी, १९७७ चा कायदा. तुझ्या आजीला विचार, तिनं खडी फोडलेली असेल. नाव वाचून कायदा ठरवू नये.

बरं, तासांकडे येऊ. काका म्हणतील, गुजरातने १२ तासांची पाळी कायदेशीर केली. खरं आहे. २०२५ च्या जुलैत तिथं अध्यादेश निघाला, कारखान्यात दिवसाला १२ तासांपर्यंत काम, ओव्हरटाइमची मर्यादा तिमाहीला ७५ तासांवरून १२५. पण दोनच महिन्यांत, सप्टेंबरात, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही दिवसाला १२ तासांना मंजुरी दिली आणि ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेली. म्हणजे या बाबतीत यादीत 'मागे' असलेला महाराष्ट्र एक पाऊल पुढेच गेला. मला विचारशील तर दोघांचंही मला पटलेलं नाही. आठ तास मशीनवर उभं राहिलेल्या माणसाचा नववा तास कसा जातो ते मंत्रालयातून दिसत नाही.

पण त्यात एक मेख आहे, ती नीट बघ. दिवसाचे १२ झाले तरी आठवड्याचे ४८ च राहिले. म्हणजे कायद्यातली १२ तासांची पाळी ही ४ दिवसांची. त्यापुढचा प्रत्येक तास ओव्हरटाइम, दुप्पट दराने, आणि तोही तुझी तयारी असेल तर. तुझा ठेकेदार १२ तास सहा दिवस म्हणतोय. हे आठवड्याचे ७२ झाले.

कागद-पेन घे. महिन्याचे २६ दिवस धर. जळगावला ८ तासांप्रमाणे २०८ तास. १४,५०० भागिले २०८, तासाला जवळपास ७० रुपये. सुरतेला १२ तासांप्रमाणे ३१२ तास. १९,००० भागिले ३१२, तासाला ६१ च्या आत. आता दुप्पट ओव्हरटाइमचा हिशोब लाव. ३१२ मधले २०८ साधे, १०४ दुप्पट, म्हणजे पैशांच्या हिशोबात ४१६ तास. १९,००० ला ४१६ ने भागून २०८ ने गुण. आले ९,५००. तुझा मूळ पगार एवढाच धरलाय त्याने. गुजरातने २०२३ च्या मार्चमध्ये किमान वेतन वाढवलं, तेव्हाच साध्या अकुशल माणसाचं महिन्याचं ११,००० च्या वर गेलं होतं. तू तर आयटीआय झालेला फिटर. आणि महिन्याला १०४ तास ओव्हरटाइम म्हणजे तिमाहीला ३१२. मर्यादा १२५.

म्हणजे बघ, तुला मिळालेलं सुरतेचं काम गुजरातच्या सैल कायद्यातही बसत नाही. गुजरातच्या कायद्याला दोष देऊन काय उपयोग, ठेकेदाराने तो उघडलाच नाही.

२०२० मध्ये कोरोनाच्या वेळी गुजरात सरकारने हेच कायदेशीर करून पाहिलं होतं: दिवसाला १२, आठवड्याला ७२, आणि जादा तासांचे पैसे दुप्पट नव्हे, साध्या दराने. गुजरात मजदूर सभा सुप्रीम कोर्टात गेली. १ ऑक्टोबर २०२० ला कोर्टाने ते रद्द केलं आणि त्या काळातला ओव्हरटाइम पूर्ण दराने द्यायला सांगितला. तुझ्या ठेकेदारापर्यंत ती बातमी पोचलेली दिसत नाही.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते. ओरिजिनल सर्टिफिकेट आणि २०,००० ची उचल.

तुझ्या पत्रात ते एका ओळीत येऊन गेलंय. ती ओळ मी चारदा वाचली. धुळ्याला एका संघटनेच्या ऑफिसात मी कितीतरी वर्षं कामगारांचे अर्ज लिहून द्यायचो. त्यात एक पोरगा यायचा, साक्री तालुक्यातला, वायरमन. कागद एका ठेकेदाराकडे अडकले होते. दुसरीकडे चांगलं काम मिळत होतं, तिथं ओरिजिनल दाखवायचे होते. ठेकेदार म्हणे, आधी उचल फेड. उचल १५,००० ची, पण वहीत ती कधी २२ व्हायची, कधी २६. जेवणाचे, खोलीचे, गैरहजेरीचे असे काहीबाही लावलेले. शेवटी त्याच्या बापाने बैल विकून कागद सोडवले. तेव्हा तो माझ्यासमोर बाकावर बसून प्लॅस्टिकच्या फोल्डरमधलं सर्टिफिकेट परत परत काढून बघत होता, खरंच आपलंच आहे ना म्हणून.

उसाच्या कोयत्यावर जाणारी माणसं तू पाहिली असशील. नंदुरबारकडून, धुळ्याकडून दक्षिण गुजरातच्या कारखान्यांना टोळ्या जातात. मुकादम आधी उचल देतो, मग हंगामभर माणूस त्याचा. तिथं लग्न, आजारपण, पेरणी असल्या अडचणी असतात, पर्याय नसतो. तुला काय अडचण आहे? पत्रात तरी काही लिहिलेलं नाहीस. मग २०,००० कशाला घेतोस? पैशांच्या बदल्यात माणूस बांधून ठेवायला या देशात १९७६ पासून कायद्याने बंदी आहे, आणि तुझं सर्टिफिकेट अडकवून ठेवायचा हक्क त्याला कुठलाच कायदा देत नाही. पण तो कायदा घेऊन तू भांडणार कुठं? सचिनच्या गेटवर काम केलंस, तर पगाराची तक्रार सुरतेच्याच कामगार ऑफिसात. जळगावला बसून ती चालत नाही. दर तारखेला गाडी, दर तारखेला खाडा. अर्ज गुजरातीत लिहून घ्यायचे. राज्य बदललं की कायद्यापेक्षा हे जास्त बदलतं, आणि हे कुठल्याच यादीत मोजलेलं नसतं.

काका सगळंच चुकीचं बोलतायत असंही नाही. सुरतेची एक गोष्ट आपल्या खानदेशाला जमलेली नाही. तिथं सोमवारी काम सोडलं तर बुधवारी दुसऱ्या गेटवर हजेरी लागते. उधना, पांडेसरा, सचिन, एकाला लागून एक. चांगल्या फिटरला तिथं कुणी फार वेळ रिकामा बसू देत नाही. लिंबायतला गेलास तर अर्धी गल्ली आपली बोली बोलते, शेवभाजीही मिळते. जळगावला तसं नाही. पाइप, चटई, दालमिल, आणि मालक एकमेकांना ओळखतात. एकाशी बिनसलं की दुसऱ्याकडे फोन गेलेला असतो. काम सोडता येणं हे कामगाराचं सगळ्यात मोठं स्वातंत्र्य मानलं, तर सुरत त्यात जळगावच्या पुढे आहे, हे मी मान्य करतो. म्हणूनच तर तो ठेकेदार तुझं सर्टिफिकेट मागतोय! सुरतेने तुला जे एक चांगलं दिलं असतं, ते तो पहिल्याच दिवशी पेटीत बंद करून ठेवणार.

जळगावची ऑर्डरही डोळे झाकून घेऊ नकोस. ऑर्डर कुणाच्या नावाने आहे, कारखान्याच्या की ठेकेदाराच्या? ठेकेदाराच्या असली तर त्याच्याकडे लायसन्स आहे का विचार. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कारखान्यावर येते, पण त्यासाठी तू तिथं काम करत होतास याचा कागद लागतो. नव्या संहितेत नियुक्तिपत्र सगळ्यांनाच द्यायचं आहे, तेव्हा 'आमच्यात देत नाहीत' हे ऐकून घेऊ नकोस. ११ महिन्यांचं मात्र मला खटकतं. मुदतीच्या कामावर थेट घेतलेल्या कामगाराला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा, म्हणजे काम सोडताना मालकाने द्यायच्या रकमेचा, हक्क येतो, आधी ५ वर्षं लागायची. ११ आणि १२ मधला तो एक महिना सहज राहून गेलेला नसावा. ऑर्डर १२ महिन्यांची होते का, विचारून बघ. नाही म्हणतील. विचारल्याचं बिल येत नाही.

आणि काढून टाकायच्या नियमांवर काकांशी वाद घालत बसू नकोस. सरकारची परवानगी न घेता कामगार कपात करायची मर्यादा आधी १०० कामगारांची होती, नव्या संहितेत ३०० झाली. मोठ्या कारखान्यात याने फरक पडतो. आपल्याकडच्या कितीतरी शेडांत शंभर माणसं कधी नव्हतीच, तिथं हा कायदा आधीही बाहेरूनच बघत उभा होता.

पगार हातात किती येणार तेही समजून घे, नाहीतर पहिल्या महिन्यात तोंड उतरेल. पूर्ण रकमेवर पीएफ कापला तर १२ टक्क्यांनी १,७४०, ईएसआय, म्हणजे कामगार विमा, पाऊण टक्का म्हणजे १०९, व्यवसाय कर २००. हातात १२,४५१. सुरतेचा ठेकेदार काहीच कापणार नाही, रोख १९,००० मोजेल, आणि ते जास्त वाटतील. पण पीएफमध्ये तुझ्याइतकेच पैसे मालकाकडून भरले जातात, आणि ईएसआयमुळे आजारी पडलास तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो, तुझ्यावर अवलंबून असलेल्या आईलाही दवाखाना. पीएफचा यूएएन नंबर एकदा मिळाला की तो राज्य बघत नाही. उद्या सुरतेला गेलास, पिथमपूरला गेलास, तोच चालतो.

फक्त कापलेले पैसे भरले जातायत का ते बघत जा. माझ्या पहिल्या नोकरीत १४ महिने पीएफ कापला गेला. वर्षा-दोन वर्षांनी स्लिप आली, तर त्यात पाचच महिन्यांचे पैसे. विचारायला गेलो तर मालक हसून म्हणाले, "भरू की भाऊ, मी काय पळून चाललोय?" ते पळाले नाहीत, शेड मात्र विकून मोकळे झाले. तेव्हा बघायला मार्ग नव्हता. आता मोबाइलवर उमंग ॲपमध्ये पासबुक दिसतं. दोन महिन्यांनी उघड. पैसे दिसले नाहीत तर तिसऱ्या महिन्याची वाट बघू नकोस.

मग जायचं कुठं? मी असतो तर हे सुरतेचं काम घेतलं नसतं. सुरत वाईट म्हणून नव्हे, ते काम वाईट म्हणून. जळगाव धर. घरून रेल्वेच्या पासवर जाशील, भाकरी घरची. उधन्याला खोली आणि खानावळीत किती जातात ते काकांनाच विचार, आणि १९,००० मधून वजा कर. जळगावला दुप्पट दराने ओव्हरटाइम देत असतील तर महिन्याला ३० तास केलेस तरी जवळपास ४,२०० वाढतात, आणि तरी रविवार तुझाच राहतो. वर्षभराचा अनुभव कागदावर आला की सुट्टी काढून आठ दिवस काकांकडे जाऊन राहा. गेटवर स्वतः उभा राहा, आत काम करणाऱ्यांना विचार, पगाराची स्लिप मिळते का, पीएफ आहे का. जिथं मिळते तिथं जा, बिनधास्त जा. तेव्हा आईला मी समजावेन.

पिथमपूरचं मामांना एवढंच विचार: पगार बँकेत की हातात, आणि ऑर्डर कंपनीची की ठेकेदाराची? मोठे कारखाने आहेत तिथं, आयटीआयवाल्याला वावही आहे. ते दोन्ही प्रश्न नीट सुटले तर ते काम मी सुरतेच्या वर धरीन. मध्य प्रदेश यादीत कितवा आहे हे बघायची गरज नाही.

जळगावला जाशील तेव्हा सर्टिफिकेटच्या झेरॉक्स ने, ओरिजिनल दाखवायला सोबत ठेव, बघून झालं की तिथल्या तिथं परत घे. ऑर्डर मिळाली की सही करण्याआधी तिचा फोटो काढ आणि मला पाठव, नाव-पत्ता झाकून. आणि सुरतेच्या ठेकेदाराला आजच फोन कर. उचल नको म्हणून सांग, बाकी काही बोलू नकोस. उचल न घेताही सर्टिफिकेट मागतो का, तेवढं ऐक.